हा टॅग तपासला कोणी?

प्रश्न : लंडनला असणाऱ्या भाच्यानं मला एक शर्ट आणला. आतल्या पट्टीवर ‘मेड इन बांगलादेश’ आहे आणि बाहेरच्या पुठ्ठ्याच्या टॅगवर, कामगारांच्या हक्कांची काळजी घेऊन हा कपडा तयार झाला, असं छापलंय. आमच्या गावात मागावरच्या कामगाराला पगाराची चिठ्ठी मिळायची मारामार. मग ढाक्यातल्या कामगाराची काळजी घेतली गेली, हे लंडनच्या दुकानाला कळतं तरी कसं? हे तपासतं कोण?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तपासणी होते. पण ज्याची तपासणी व्हायची, बहुतेक वेळा तोच तिची फी भरतो. घोळ इथूनच सुरू होतो.

दुकानाची कंपनी स्वतः सहसा एकही शिलाई मशीन चालवत नाही. ती डिझाइन पाठवते, भाव ठरवते आणि ढाका, कराची, तिरुपूर अशा ठिकाणी ऑर्डर देते. सोबत एक आचारसंहिता जोडते : बालमजूर नकोत, सक्ती नको, संघटना करायची मोकळीक हवी, ओव्हरटाइमचे पैसे हवेत. कलमं चांगलीच असतात. मग ऑडिट करणाऱ्या एजन्सीची एक-दोन माणसं येतात, दिवस-दोन दिवस थांबतात, पगारपत्रकं चाळतात, आग विझवायची नळकांडी मोजतात, काही कामगारांशी बोलतात. तारीख पुष्कळदा आधीच ठाऊक असते. (इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर शेडमध्ये काय काय आवराआवर होते, हे इचलकरंजीकरांना मी सांगायला नको.) एक हजेरीबुक दाखवायचं, एक खरं, कामगारांना उत्तरं पढवून ठेवायची, निकडीचं काम गुपचूप भलत्याच शेडमध्ये शिवून घ्यायचं. या गोष्टी त्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत.

कराचीच्या बलदिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे कामगार-हक्कांचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. आग मुद्दाम लावली गेली, असं पुढे कोर्टात ठरलं, तेही खरं. पण दारं कुलूपबंद नसती आणि खिडक्यांना गज नसते, तर कितीतरी जण बाहेर पडले असते. प्रमाणपत्राची शाई जेमतेम वाळली होती, तेव्हा ते गज काही नंतर बसवलेले नव्हते.

त्यानंतर सात महिन्यांनी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा कोसळली. आठ मजली इमारत. खाली दुकानं आणि एक बँक, वर कपड्यांचे पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला खांबांना भेगा दिसल्या आणि इमारत रिकामी केली गेली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली, दुकानंही बंद राहिली. शिलाई कामगारांना मात्र बोलावलं गेलं. आला नाहीत तर पगार कापू, असं सांगितल्याचं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. सकाळी वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली बसली. अकराशेहून अधिक मृत्यू. यातल्या दोन कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं. इमारतीची मजबुती पाहणं आमच्या कामात येत नाही, असं त्या व्यवस्थेचं म्हणणं पडलं. आणि नियमावली पाहता ते खोटंही नव्हतं!

मला यात सगळ्यात जास्त खुपतो तो बँकेचा बंद दरवाजा. भेगा सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. त्या दिवशी कमी पडलं ते ‘मी आत जाणार नाही’ म्हणायचं बळ. बँकेच्या कारकुनाकडे ते होतं, शिवणाऱ्या बाईकडे नव्हतं. आणि ते बळ कोणाकडे आहे, हे कुठल्याच ऑडिटच्या फॉर्मवर विचारलेलं नसतं.

म्हणून पुढे तीन आठवड्यांच्या आत झालेला ‘अकॉर्ड’ मला टॅगपेक्षा मोलाचा वाटतो. तो जाहीरनामा नव्हता, करार होता. एका बाजूला ब्रँड, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रिऑल आणि युनी हे कामगार संघटनांचे जागतिक महासंघ, त्यांच्यासोबत बांगलादेशातल्या संघटना. दोनशेच्या वर कंपन्यांनी सह्या केल्या. इंजिनिअर पाठवून इमारती तपासायच्या, अहवाल नावानिशी जाहीर करायचे, दुरुस्तीला पैसा कमी पडला तर ब्रँडनं वाट काढायची, आणि जीवाला धोका वाटला तर कामगारानं काम नाकारायचं. जिन्याच्या तोंडाशी कुलूप घालायचे सरकते जाळीचे दरवाजे निघाले, त्या जागी आग अडवणारे दरवाजे आले. मुख्य म्हणजे, शब्द पाळला नाही तर ब्रँडला लवादापुढे उभं करता येत होतं. संघटनांनी २०१६ मध्ये दोन ब्रँडना तसं खेचलंही. त्यातल्या एकानं जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. वॉलमार्ट आणि गॅप मात्र या करारात आले नाहीत, त्यांनी आपली वेगळी चूल मांडली.

अकॉर्डनं इमारती सावरल्या, भाव नाही. २०२३ मध्ये बांगलादेशातल्या कामगारांनी महिना २३,००० टका किमान वेतन मागितलं, मिळालं १२,५००. त्या आंदोलनात माणसं मेली. शर्टाचा भाव लंडनमध्ये ठरतो, आणि ऑर्डर मागे घ्यायची मुभाही तिथेच असते. कोविडच्या पहिल्या लाटेत ब्रँडनी तीन अब्ज डॉलरच्या वर ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबवल्या, असा तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेचा हिशेब होता. कापड कापून झालेलं, माल शिवून झालेला. आचारसंहिता पाठवणाऱ्यांतही ही मंडळी होतीच.

आपल्याकडे पाहायचं तर माग सोडून जरा उसाकडे पाहा. महाराष्ट्रातली साखर बड्या शीतपेय कंपन्यांकडेही जाते. ऊस तोडतो तो बीडकडून आलेला ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ती येते आणि हंगामभर ती फेडत राहते. एक दिवस खाडा झाला की अंगावर दंड. पाळी आणि पोटदुखी यांत कामाचे दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायका बीडमध्ये किती, हे पाहायला राज्य सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या १३ हजारांवर निघाल्या. कारखान्याला विचारा : टोळी मुकादमाची, आमची नाही. तपासनीस गेटच्या आतलं बॉयलर आणि हजेरीबुक पाहून परत जातो, फड राहतो बाहेरच.

आता तुमच्या शर्टाचं. तो फेकू नका, बांगलादेशवर बहिष्कारही घालू नका. ऑर्डर गेली की पहिली गदा शिवणारीवरच येते. कंपनीच्या संकेतस्थळावर कारखान्यांची यादी नावं-पत्त्यांसकट आहे का, ते भाच्याला पाहायला सांगा. अकॉर्डवर सही करणाऱ्या कंपन्यांची नावंही जाहीर आहेत. कंपनीला पत्र लिहायचंच असेल, तर ‘तुम्ही नीतीनं वागता का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच येणार. कारखान्यात संघटना आहे का, तिच्याशी लेखी करार झालाय का, आणि ऑर्डर अध्येमध्ये रद्द केली तर मजुरी कोण देतं, एवढं विचारा.