शिकून तयार, की कामावर तयार?

परळ, मुंबई

चि. मानसीस,


परवा फोनवर म्हणालीस, "काका, डिप्लोमा झालो खरो, पण माका कामातला काय येता?" बाय गो, वालावलीतून मुंबईला आलेल्या आपल्या आधीच्या चाकरमान्यांना तरी काय येत होतं? लालबाग-परळात गावागावांच्या खोल्या होत्या. तिथे वळकटी टाकायची, सकाळी गिरणीच्या दारात 'बदली' म्हणून उभं राहायचं आणि कुणी कामावर आलं नाही तरच आत शिरायचं. माग चालवायला ते मागावरच शिकले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ती वाट हळूहळू बंद झाली.

तुझ्यासाठी दुसरी वाट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली डिप्लोमा झालेल्यांना वर्षभर काम शिकता येतं, दरमहा विद्यावेतनही मिळतं. 'नॅट्स' या सरकारी शिकाऊ उमेदवारी योजनेच्या संकेतस्थळावर नाव नोंदव. पुढे तिथेच नोकरी लागेल असं नाही, पण अनुभव आणि प्रमाणपत्र हातात येतं.

तोवर घरी बसू नकोस. तू सिव्हिलची. कुडाळात चिऱ्याचं बांधकाम चालू असेल तिथे, मालकाला विचारून, गवंड्याजवळ उभी राहा. चिरे किती लागतात, ओळंबा कसा बघतात, मालाची नोंद कशी ठेवतात, हे विचार. विचारायला लाजू नकोस.

मुलाखतीची उत्तरं पाठ करू नकोस. आपल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा पक्की ठाऊक असते म्हणून नट उभ्या उभ्या बोलतो. तुझ्या प्रोजेक्टची कथा तशी पक्की ठेव. येत नसेल ते "येत नाही, शिकेन" असं सरळ सांग.

दोन गोष्टींत मात्र भिडस्तपणा नको. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठव. आणि रुजू होण्याआधी पगार, कामाचे तास, पीएफ, राहण्याची सोय हे सगळं लेखी घे.

भीती रुजू झाल्यावरही महिनाभर राहील. ती जायची वाट बघत बसलीस तर वर्ष फुकट जाईल. येत्या सोमवारपर्यंत नाव नोंदव आणि मला कळव.

तुझा,
काका