पित्ताशयात खडा निघाला, आता काय?

हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये पोटाची सोनोग्राफी असतेच. तक्रार काही नसते, पण रिपोर्टमध्ये पित्ताशयात खडा लिहून येतो आणि घरादाराची झोप उडते. दुसऱ्या दिवशी माणूस फाइल घेऊन समोर बसतो. पहिलाच प्रश्न, ‘डॉक्टर, ऑपरेशन कधी?’ मी उलट विचारते, ‘पोट कधी दुखलं होतं?’

सगळं त्या उत्तरावर ठरतं. खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा काहीही त्रास होत नाही. अशा मुक्या खड्यांसाठी ऑपरेशनची घाई करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. अपवाद थोडे आहेत. खडा 3 सेंटिमीटरहून मोठा असेल, जोडीला 1 सेंटिमीटरहून मोठा पॉलिप असेल किंवा पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचलं असेल, तर वेगळा विचार करावा लागतो. सिकलसेलच्या रुग्णांचंही तसंच. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो, म्हणून मुद्दाम सांगते.

एकदा का कळ येऊन गेली, की मात्र चालढकल नको. ही कळ बहुधा जेवणानंतर, पुष्कळदा रात्री येते. पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगड्यांखाली सुरू होते, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तास टिकते. पित्त झालं असेल म्हणून लोक अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात, कळ आपोआप ओसरते आणि गोळीने गुण आला असं वाटतं. आणखी एक सांगते. वरच्या पोटात दुखणं, घाम आणि धाप असं एकदम झालं, तर आधी ईसीजी काढा. हार्ट अटॅकही असा येऊ शकतो.

कुळथाचं पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत. भरपूर पाण्याने लघवी वाढते, त्याचा उपयोग मुतखड्याला. पित्ताचा मार्ग निराळाच आहे, तिथवर ते पोचत नाही.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी या. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं नीट दिसत नाही. तपासताना ‘श्वास घ्या, रोखून धरा, आता डाव्या कुशीवर वळा’ असं सांगतात, त्याला कारण आहे. कूस बदलली की खडा आतल्या आत घरंगळतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. पॉलिप मात्र भिंतीला चिकटून जागच्या जागी राहतो. प्रोब नेमका पित्ताशयावर दाबल्यावर जीव कळवळला, तर तेही सांगा, कारण ती सुजेची खूण असते. सीटी स्कॅन महाग, म्हणून जास्त खात्रीचा, असं इथे नाही. कोलेस्टेरॉलचे पुष्कळसे खडे त्यात दिसतच नाहीत.

खरी भीती असते ती खडा नळीत सरकण्याची, आणि त्यात बारीक खडेच जास्त दगा देतात. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, थंडी वाजून ताप येणं किंवा दुखणं सहा तास उलटले तरी न थांबणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. तिथे बिलिरुबिन आणि लायपेज या रक्ततपासण्या होतात. लायपेज बरंच वाढलं असेल तर स्वादुपिंडाला सूज आल्याचा संशय बळावतो. नळीत खडा आहे का हे एमआरसीपी सांगते. ती एमआरआयचीच तपासणी, सुई-दुर्बीण काही नाही. ईआरसीपी वेगळी. तीत तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढतात. तो उपचार आहे आणि त्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही असतो. म्हणून नुसतं बघण्यासाठी ईआरसीपी करू नये.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी पहिल्यांदा केलं. त्यापूर्वी बरगड्यांखाली मोठा छेद घ्यावा लागे. आता साधारण चार छोटी छिद्रं पुरतात आणि बरेच जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. ‘नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या’ असं पुष्कळजण म्हणतात. पण पिशवी राहिली की खडे पुन्हा होतात. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशय ते फक्त साठवतं, त्यामुळे ते काढल्यावरही जेवण पचतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर जुलाब होतात, तेवढं सांभाळावं लागतं.

ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगा. मनानेच बंद करू नका. नंतर दोन-तीन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका, पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तसं होतं. आत चिकटलेलं फार असेल तर सर्जन मध्येच पोट उघडून ऑपरेशन पूर्ण करतात. तो निर्णय रुग्णाचा जीव जपण्यासाठी असतो, त्यावरून त्यांना दोष देऊ नका.

काढलेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवतात. ते बघाच, पण पित्ताशय पॅथॉलॉजीकडे तपासायला गेलं का, हेही विचारा. क्वचित त्यात कॅन्सर निघतो, आणि लवकर कळला तर त्यावर उपचार करता येतो. टाके दाखवायला याल तेव्हा तो रिपोर्ट बरोबर आणा.