हापूसचें कलम आणि क्लोन-विद्या

देवगड, मालवण, वेंगुर्लें ह्या बाजूच्या वाचकांस कलम म्हणजे काय हें सांगावयास नको. हापूसचा बाठा पेरला तर त्यांतून हापूस उगवत नाहीं, रायवळ उगवतो. कारण बाठ्यांत दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. म्हणून माळी पावसाळ्यांत रायवळ बाठ्याचें कोंवळें रोप आडवें छाटितो, त्यास चीर देऊन तींत जुन्या हापूसची काडी बसवितो आणि घट्ट बांधितो. मुळें रायवळाचीं, परंतु फांद्या व फळें त्या जुन्या झाडाचीं. (रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायांत पौल रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या झाडास जोडल्याचा दृष्टांत देतो, आपला माळी नेमकें उलट करितो, आणि आपला प्रकार निसर्गाविरुद्ध आहे हें पौलही सांगतोच.)

अशा रीतीनें एकाच शरीरापासून वाढविलेल्या समरूप संततीस शास्त्रज्ञ क्लोन म्हणतात. हापूसच्या बागेंत झाडें शेंकडों दिसलीं, तरी वंशाच्या दृष्टीनें तें जवळजवळ एकच झाड होय. त्यांत लाभ आहे, तसा तोटाही आहे. हापूसच्या गरांत साका धरतो, आणि गोडीबरोबर ही खोडही कलमांतून पुढें जाते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानें १९८१ सालीं दिलेल्या रत्ना आंब्यांत साका नाहीं; पण तो नीलम व हापूस ह्यांचा संकर करून मिळाला, नुसत्या कलमानें मिळाला नसता.

जनावरांत हें काम काडीनें साधत नाहीं. तेथें एका मादीच्या अंडपेशींतील केंद्र काढून टाकितात, त्या जागीं दुसऱ्या जनावराच्या अंगच्या पेशीचें केंद्र घालितात, आणि वाढूं लागलेला गर्भ आणखी एका मादीच्या उदरांत ठेवितात. स्कॉटलंडांतील रोझलिन संस्थेंत ५ जुलै १९९६ रोजीं ह्या रीतीनें डॉली नांवाची मेंढी जन्मली. २७७ अंडपेशींवर प्रयोग झाला, तेव्हां जिवंत कोंकरूं एकच हातीं आलें. आपल्या देशांत करनाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत २००९ च्या फेब्रुवारींत म्हशीचें पहिलें क्लोन पारडूं जन्मलें, तें थोड्याच दिवसांत दगावलें; त्याच वर्षीं जूनमध्यें जन्मलेली गरिमा सुमारें दोन वर्षें जगली. पुढें दुसरी गरिमा मात्र वाढली, व २०१३ सालीं तिला स्वतःला पारडूं झालें.

आतां कित्येक म्हणतात कीं, हा देवाच्या कामांत हात घालणें होय, म्हणून सर्वच पाप. आम्हांस हें म्हणणें टिकेल असें वाटत नाहीं. नाहींतर देवगडचा प्रत्येक बागाईतदार दोषी ठरेल. आमचा आक्षेप निराळा आहे. कलम मेलें तर माळी तें उपटून टाकितो व दुसरें बांधितो. मनुष्याच्या बाबतींत तीं फसलेलीं कलमें म्हणजे कोणाचीं तरी लेंकरें, आणि तीं पोटांत वाहणारी कोणी तरी स्त्री. एका यशासाठीं इतकीं अपयशें असा हिशेब तेथें कोणीं मांडावा?

शिवाय प्रचारक बंधूंस हा प्रश्न विचारला जाईल तो बहुधा शोकाच्या घरीं. जिचें लेंकरूं गेलें ती आई म्हणेल, “मास्तर, डॉक्टरांनीं माझा मुलगा तस्साच परत करून दिला तर?” तिला रागें भरूं नये. तिला जुळ्यांची गोष्ट सांगावी. एकाच बीजापासून झालेलीं जुळीं हीं निसर्गानेंच केलेलीं क्लोन होत. रूप एक, तरी एकास ताप आला म्हणजे दुसऱ्याचें अंग तापत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत नांवें दोन लिहावीं लागतात. तसें क्लोन मूल झालेंच, तर तें नवें मूल असेल. गेलेल्याच्या आठवणी त्याला नसतील. गेलेल्यासारखें वागण्याचें ओझें मात्र जन्मतांच त्याच्या माथीं बसेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत असें मूल जन्मास घालण्यास मनाई आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ८ मार्च २००५ रोजीं मानवी प्रतिष्ठेस बाधक अशा सर्व प्रकारच्या क्लोन-विद्येविरुद्ध घोषणा केली, ती ८४ विरुद्ध ३४ मतांनीं. आणि विरुद्ध मत देणाऱ्यांत भारतही होता. ह्यावरून कोणी भलताच अर्थ घेऊं नये. मूल जन्मास घालण्यास आपल्या सरकारचा विरोधच होता. वाद होता तो उपचारासाठीं पेशी मिळाव्या म्हणून गर्भ आरंभींच्या थोड्या दिवसांपुरता वाढविण्याचा. तो गर्भ मनुष्य मानावा कीं नाहीं? रोमन मंडळी मानावा असें निक्षून सांगते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दोन्ही पक्ष आहेत. आमचें मन तो मानण्याकडे झुकतें. तथापि असाध्य दुखण्यानें पिडलेल्याच्या खाटेजवळ बसून हें बोलणें सोपें नाहीं, आणि ज्या बंधूंचें मत दुसऱ्या बाजूस आहे त्यांस आम्ही कठोर म्हणणार नाहीं.