घटक ६ : वर्षभराच्या प्रसिद्धिलेखनाचे नियोजन (घरगुती प्रवास-व्यवसायाच्या संदर्भात)

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस एखाद्या लहान व्यवसायासाठी बारा महिन्यांचा मजकूर कोणत्या क्रमाने लिहावा हे ठरवता येईल. प्रवासविषयक शब्दांतील अर्थच्छटा ओळखता येतील. आणि जाहिरातीतील क्रियापदाने लेखक कोणती हमी देऊन बसतो, याचे विश्लेषण करता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण एका सुट्या जाहिरातीची रचना अभ्यासली. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र लेखकाला एक जाहिरात लिहून थांबता येत नाही. अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत घरातूनच सहलींचा व्यवसाय करणारी एखादी व्यक्ती आपण डोळ्यांसमोर आणू. पुढच्या खोलीत एक टेबल, एक संगणक, हातात मोबाईल. स्वतंत्र कार्यालय नाही, पगारी लेखक नाही. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी टूर्स किंवा २०१३ मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या संस्था वृत्तपत्राचे पूर्ण पान विकत घेऊ शकतात. आपल्या व्यावसायिकाकडे आठवड्याला दोन लहान मजकूर लिहिण्याइतकाच वेळ आहे. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला एकशे चार. हे एकशे चार मजकूर कशाविषयी असावेत, हा या घटकाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये थॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरो येथे भरणाऱ्या मद्यपानविरोधी सभेसाठी रेल्वेने माणसे नेली आणि दहाच वर्षांनी, लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने, सहलींची माहिती देणारे स्वतःचे नियतकालिकच सुरू केले. प्रवासी आज गाडीत बसत नसला तरी त्याच्याशी बोलणे चालू ठेवले पाहिजे, हे त्याला उमगले होते.

६.३ कोणाचे वर्ष?

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे वाचकाच्या घरातले वर्ष समजून घेणे. तयार मजकूर पुरवणाऱ्यांकडून जी वार्षिक कोष्टके मिळतात, ती बहुधा जानेवारी ते डिसेंबर अशी असतात आणि त्यांत व्हॅलेंटाइन दिनापासून नाताळापर्यंतचे दिवस मांडलेले असतात. वऱ्हाडातील कुटुंबाचा प्रवास या कोष्टकाप्रमाणे ठरत नाही. तो पंचांग, पीक, शाळा आणि आरक्षण या चार गोष्टींनी ठरतो, आणि या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतीलच असे नाही.

पीक आधी पाहू. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास घरात येते. कापसाची वेचणी त्याच सुमारास सुरू होऊन पुढे हिवाळाभर चालते. तूर जानेवारीच्या आसपास निघते. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदाराचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी तोडला जातो, तर मृग बहार हिवाळा सरताना. म्हणजे हाती पैसा कधी येणार, हे प्रत्येक घराचे वेगळे आहे. नोकरदाराच्या घरी महिन्याच्या एक तारखेला महत्त्व, तर बागायतदाराच्या घरी व्यापाऱ्याशी झालेल्या सौद्याला. आपला वाचक यांपैकी कोण, हे ठाऊक नसेल तर उत्तम भाषाही वाया जाते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. परतीच्या पावसाने सोयाबीन शेतातच काळे पडले, त्या आठवड्यात ‘दिवाळी धमाका’ असा मजकूर तालुक्यातल्या घराघरांत पोहोचला, तर तो वाचणाऱ्याला ती थट्टा वाटते. असा संदेश पाठवणाऱ्याचे नाव लोक विसरत नाहीत. म्हणून वर्षाच्या नियोजनात काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात आणि ठरवलेला मजकूर मागे घेण्याची तयारी ठेवावी. नियोजन करणाऱ्यांना हे शेवटचे वाक्य फारसे आवडत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही ते इथे असणे आवश्यक आहे.

शाळेचेही तसेच. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पुण्यात तयार झालेले ‘शाळा सुरू होण्याआधीची शेवटची सहल’ हे चित्र अकोल्यात जसेच्या तसे पुढे पाठवले, तर ते पंधरवडाभर आधीच येऊन पडते.

आता पंचांग. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती, २०२६ मध्ये ती २५ जुलैला आहे. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, तर २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याचा हा परिणाम आहे. १७ मे ते १५ जून २०२६ हा तो अधिक महिना. गेल्या वर्षीचा मजकूर त्याच तारखांना पुन्हा पाठवणारा लेखक येथे हमखास चुकतो. शिवाय अधिक मासात विवाह होत नाहीत. म्हणजे नवविवाहितांच्या सहलींची चौकशी त्या महिन्यात मंदावणार. याउलट काशी-प्रयागची चौकशी वाढणार, कारण तीर्थस्नान, दान आणि जावयाचे वाण यांचा तो महिना. एकाच महिन्याने एक वाचक दूर नेला आणि दुसरा दाराशी आणून उभा केला.

६.४ मागे मोजत येणे

चौथी गोष्ट आरक्षणाची. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत, प्रवासाचा दिवस सोडून, ६० दिवसांची झाली. एका प्रशासकीय निर्णयाने प्रवास-व्यावसायिकाच्या साऱ्या लेखनाचे वेळापत्रक बदलले, ते असे.

अमरावती-तिरुपती गाडी अकोल्यावरून जाते, त्यामुळे दोन्ही शहरांतील भाविकांना ती सोयीची आहे. समजा, २०२६ च्या दिवाळीनंतर, गुरुवार १२ नोव्हेंबरला काही कुटुंबांना तिरुपतीस न्यायचे आहे. साठ दिवस मागे मोजत आलो की तारीख येते १३ सप्टेंबर. दुसऱ्याच दिवशी गणेशचतुर्थी. पोळा होऊन जेमतेम दोन-चार दिवस झालेले आहेत, घरात मखराची तयारी चालू आहे आणि दिवाळीचा विचार कोणाच्याही मनात नाही. तिरुमलेच्या तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची तिकिटे तर साधारण तीन महिने आधी, म्हणजे ऑगस्टमध्येच खुली होतात. तेव्हा दिवाळीच्या सहलीचा पहिला मजकूर श्रावणाच्या आरंभी वाचकाच्या हाती पडायला हवा आणि घरातल्या चर्चेला दोन आठवडे मिळावेत म्हणून तो आषाढ संपण्यापूर्वी लिहून तयार हवा. पाऊस पडत असताना दिवाळीविषयी लिहिणे, हे या व्यवसायातील लेखकाचे नित्याचे काम आहे.

याच रीतीने चारधामचा हिशेब करता येतो. गंगोत्री-यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथाची भाऊबीजेला बंद होतात. या दोन तिथी पक्क्या धरून मागे यावे.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणारे लोक स्वतःच्या गाडीने परतवाडामार्गे जातात. त्यांना व्यावसायिकाची गरज नसते. तरीही त्या दिवसांत चिखलदऱ्याविषयी जरूर लिहावे. धुके कोणत्या वळणांवर दाट असते, गाविलगडावर उतरत्या उन्हात जाणे का टाळावे, मेळघाटातील सफारीची कोणती दारे सध्या बंद आहेत (हे वनविभागाकडून खात्री करूनच) असा मजकूर काहीच विकत नाही. तो वाचून ज्याची वाट सोपी झाली, तो हिवाळ्यात आपणहून दूरध्वनी करतो. एकशे चारपैकी विक्रीचे आवाहन असलेले मजकूर पाव हिश्श्यापेक्षा अधिक असू नयेत, असे माझे मत आहे.

६.५ शब्दांची निवड

भाषेच्या अभ्यासकाला येथे बरेच काही सापडते. ‘प्रवास’, ‘यात्रा’, ‘सहल’, ‘दर्शन’, ‘पर्यटन’ आणि ‘टूर’ हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी बसतील, पण वाचकाच्या मनात प्रत्येकाबरोबर एक वेगळे चित्र उभे राहते. ‘यात्रा’ म्हटले की पहाटेची आंघोळ, कांदा-लसणाविना जेवण, सोबतीला समवयस्क माणसे आणि गैरसोय सोसण्याची तयारी. ‘सहल’ म्हटले की मुले आणि डबा. ‘टूर’ म्हटले की स्वच्छ खोली, गरम पाणी आणि तक्रार करण्याचा हक्क. म्हणूनच ‘तिरुपती यात्रा’ आणि ‘तिरुपती टूर’ या एकाच कार्यक्रमाच्या दोन शीर्षकांना दोन वेगळ्या अपेक्षा घेऊन माणसे येतात. शीर्षक ‘टूर’ आणि व्यवस्था यात्रेची असेल, तर भांडण शब्दानेच लावलेले असते. वऱ्हाडात आणखी एक गुंता आहे : बहिरमची यात्रा किंवा महाशिवरात्रीची सालबर्डीची यात्रा म्हणताना ‘यात्रा’ म्हणजे जत्रा, भरणारी आणि उठणारी. ‘आमची यात्रा १२ तारखेला’ एवढेच लिहिले तर काही वाचक कुठे काय भरले आहे, हे विचारतील.

संबोधनाचाही विचार हवा. लेखी मजकुरात ‘आपण’ शोभते. निरोपाच्या उत्तरात ‘भाऊ’, ‘ताई’, ‘काकू’ स्वाभाविक वाटते. वऱ्हाडी बोलीचा वापर करावा का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. ज्याची ती घरची बोली आहे, त्याने ध्वनिमुद्रित निरोपात ‘तुमाले’, ‘गाडी सुटून राहिली’ असे बोलणे सहज आणि आपुलकीचे आहे. पण छापील चित्रावर हशा पिकवण्यासाठी चिकटवलेली वऱ्हाडी वाचकाला कमी लेखते, कारण तिथे ‘-ले’ हा प्रत्यय अर्थासाठी येत नाही, गमतीसाठी येतो. तारखा, रक्कम आणि अटी मात्र नेहमी प्रमाणभाषेतच असाव्यात.

६.६ क्रियापद आणि हमी

पुढील दोन मजकूर ताडून पाहा.

(अ) “सुवर्णसंधी! स्वर्गीय अनुभव! मोजक्याच जागा शिल्लक! त्वरा करा!”

(आ) “नमस्कार. दिवाळीनंतर तिरुपतीला जाण्याचा विचार असणाऱ्यांसाठी. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. १२ तारखेच्या गाडीचे आरक्षण १३ सप्टेंबरला, गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी उघडेल. दर्शनाची तिकिटे त्याआधीच संपतात. येणाऱ्यांची नावे आधारकार्डाप्रमाणे लिहून ठेवावीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी बोलावे. रांगेत बराच वेळ उभे राहावे लागते.”

पहिल्या मजकुरात एकच क्रियापद आहे आणि ते आज्ञार्थी. त्यात खोटे ठरेल असे फारसे काही नाही, कारण ठोस असे काही सांगितलेलेच नाही. अपवाद ‘मोजक्याच जागा’ या शब्दांचा. साईनगरात शेजारणीला दुसऱ्या दिवशी चार जागा सहज मिळाल्या, तर पुढच्या वेळी खरोखर जागा संपत आल्या असतानाही कोणी विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या मजकुरात ‘उघडेल’, ‘संपतात’, ‘राहावे लागते’ अशी क्रियापदे आहेत. प्रत्येक विधान तपासता येते, आणि शेवटचे तर विक्रीच्या विरोधात जाणारे आहे. तेच विधान आजीला सोबत नेऊ की नको, हे ठरवू पाहणाऱ्या घराच्या उपयोगी पडते.

‘नाश्ता मिळतो’, ‘नाश्ता मिळेल’ आणि ‘नाश्त्याची व्यवस्था होऊ शकेल’ या तीन वाक्यांत देणेघेणे निराळे आहे. पहिले रीत सांगते, दुसरे वचन देते, तिसरे वचन दिल्याचा भास निर्माण करून सुटका करून घेते. तिसऱ्या प्रकारची वाक्ये आपल्या मजकुरात किती आहेत, हे मोजून पाहावे. ‘१५,००० पासून’ यातील ‘पासून’ हे शब्दयोगी अव्ययही असेच निसटते. ती रक्कम कोणाला, कोणत्या तारखेला, कशासह लागू आहे, हे त्याच ओळीत यायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केलेली आहे, आणि घरातून पाठवलेला मजकूरही जाहिरातच असतो.

अचूक मार्गलेखनाचा वारसा आपल्याच भागाजवळ आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान. त्या परंपरेतील ‘स्थानपोथी’ या ग्रंथात श्रीचक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे झाले, ती गावे आणि देवळे नोंदवलेली आहेत. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, स्थान त्याच्या कोणत्या अंगाला, इतक्या बारकाईने. त्या लेखकाला काही विकायचे नव्हते. मागून येणाऱ्याची वाट चुकू नये, एवढ्याचसाठी ते गद्य लिहिले गेले. सहलीचे परिपत्रक लिहिताना अशा गद्याचा नमुना समोर ठेवणे मला अधिक उपयुक्त वाटते.

६.७ मजकूर पोहोचवणे

याविषयी थोडक्यात. व्हॉट्सॲपवरील ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक त्यांच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यांनाच असा निरोप पोहोचतो. त्यामुळे वर्षाचा पहिला मजकूर ‘हा क्रमांक या नावाने जतन करावा’ असा साधा असणे श्रेयस्कर. शेगावच्या दर्शनाला जाणारे, चारधामची चौकशी केलेले आणि मुलांच्या सुटीतच निघणारे, अशा याद्या वेगळ्या ठेवाव्यात. सर्वांना सर्व काही पाठवल्यास लोक निरोप न उघडताच पुसून टाकतात. सहलीहून परतलेल्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना वापरू नयेत.

६.८ स्वाध्याय

१. आपल्या गावातील कोणत्याही एका कुटुंबाचे वर्ष (पीक किंवा पगार, शाळा, सण) एका पानावर मांडा. त्यात प्रवासाला मोकळे असे किती आठवडे उरतात?

२. येत्या वर्षातील एक तिथी निवडा आणि रेल्वे आरक्षणाची मुदत लक्षात घेऊन मागे मोजत या. पहिला मजकूर कोणत्या मराठी महिन्यात पाठवावा लागेल? तो साठ शब्दांत लिहा.

३. आपल्या मोबाईलवर आलेली सहलीची एक जाहिरात घ्या. तिच्यातील विशेषणे खोडा आणि उरलेल्या क्रियापदांचे ‘रीत’, ‘वचन’ व ‘पळवाट’ असे वर्गीकरण करा.

४. ‘माहूर दर्शन’, ‘माहूर यात्रा’ व ‘माहूर सहल’ या तीन शीर्षकांखाली प्रत्येकी चार ओळी लिहा. जेवण, मुक्काम आणि सहप्रवासी यांच्या उल्लेखांत काय बदलले, ते नोंदवा.