अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी पळेना!

आपल्या मराठी विभागात कविता भरपूर येतात (पावसाळ्यात तर जरा जास्तच!), म्हणून यावेळी थोडं ग्रीस लागलेलं काहीतरी. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषा धेडगुजरी वाटली तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. सरांच्या कामाचाही, कारण स्टाफ पार्किंगमधे दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या कमी नाहीत.

पेडल फक्त विनंती करतं

प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० आठवा. पेडलला केबल, केबलला कार्बोरेटरमधली झडप. पाय दाबला की झडप उघडली. सरळ हिशोब. नंतरच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांमधे ही केबलच नाही. पेडल ईसीयूला फक्त सांगतं, "ड्रायव्हरला इतकी ताकद पाहिजे." डिझेल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो.

हे सांगण्याचं काम पेडलच्या डोक्यावर बसवलेला सेन्सर करतो. बऱ्याच जुन्या गाड्यांमधे तो म्हणजे चक्क पोटेन्शिओमीटर, फर्स्ट इयरच्या लॅबमधला. कार्बनची पट्टी, तिच्यावर घासत सरकणारा वायपर, एका टोकाला ५ व्होल्ट, दुसरं ग्राउंडला.

पण असे पॉट एक नाही, दोन असतात. दोघांच्या सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल अशा वेगवेगळ्या वायरी, म्हणून कनेक्टरला सहसा सहा पिना. एका नेहमीच्या रचनेत पाय सोडलेला असताना पहिला सिग्नल साधारण ०.७५ व्होल्ट, तर दुसरा बरोबर त्याच्या निम्मा असतो. पूर्ण दाबला तरी हे २:१ नातं टिकतं. कोर्टातल्या दोन साक्षीदारांसारखं आहे. दोघांच्या जबान्या जुळल्या तरच ईसीयू विश्वास ठेवतो. (काही कंपन्यांच्या गाड्यांमधे हे नातं वेगळं असतं, तेव्हा मॅन्युअल बघणे!)

लक्षणं

जबान्या जुळल्या नाहीत की इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमधे जाते. म्हणजे लंगडत घरी जाण्यापुरती ताकद, किंवा नुसतं थोडं वाढलेलं आयडलिंग. चावी बंद करून परत चालू केली की कधीकधी सगळं नॉर्मल! इथेच लोक फसतात. "झाली बरी" म्हणून घाटात निघतात आणि ट्रकला ओव्हरटेक करताना मधेच दम जातो. असं एकदा झालं तरी गाडी डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, आणि दुरुस्त होईपर्यंत ओव्हरटेक बंद.

निदान : क्रम सोडू नका

माझ्या काकांच्या २००९ सालच्या डिझेल गाडीला हाच आजार झाला. एका गॅरेजने बघता बघता निकाल दिला, "ईसीयू बदलावा लागेल." काकांना म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा, आधी मोजून बघू." आम्ही मोजलं ते या क्रमाने :

१) डोळे आणि हात. पेडलखाली मॅट अडकत नाहीये ना? पेडल सोडल्यावर पूर्ण वर येतं ना? बॅटरी ठीक आहे ना? या तपासणीला एक रुपया लागत नाही.

२) कोड. स्कॅनर लावा आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पी २१२२ म्हणजे पहिल्या सिग्नलचं व्होल्टेज फार कमी, पी २१२३ म्हणजे फार जास्त. दुसऱ्यासाठी तेच पी २१२७ आणि पी २१२८. पी २१३८ म्हणजे दोन्ही जबान्या जुळत नाहीत. आमच्याकडे पी २१३८ होता. लक्षात ठेवा, कोड फक्त गल्ली सांगतो, घर आपणच शोधायचं.

३) लाइव्ह डेटा. चावी ऑन, इंजिन बंद. पेडल अगदी हळू दाबत न्या आणि दोन्ही आकडे बघा. आमच्या केसमधे पहिला सिग्नल छान चढत होता, दुसरा मात्र पाव पेडलच्या आसपास मधेच खाली पडायचा. शहरात पाय बहुतेक वेळ तिथेच असतो, म्हणजे पट्टी तिथेच झिजणार. पटतंय ना?

४) मल्टिमीटर. लगेच पेडल विकत आणायचं नाही! कनेक्टर लावलेला ठेवून मागच्या बाजूने प्रोब घाला, वायरचं इन्सुलेशन टोचू नका. दोन्ही सप्लायवर ५ व्होल्ट पाहिजेत. सेन्सरचं ग्राउंड आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात जवळजवळ शून्य पाहिजे. मग सिग्नल बघा, आणि हाताने हार्नेस हलवत परत बघा.

आता तर्क करा. सप्लायच नसेल तर दोष वायरिंगमधे किंवा ईसीयूकडे, किंवा त्याच ५ व्होल्टवर चालणारा दुसरा सेन्सर शॉर्ट झालाय. पेडलपाशी सिग्नल बरोबर पण स्कॅनरवर चुकीचा, तर मधली वायर. हार्नेस हलवल्यावर आकडा उडतो, तर कनेक्टर किंवा तुटत आलेली वायर. सप्लाय, ग्राउंड, वायर सगळं ठीक आणि पेडलपाशीच सिग्नल घसरतोय, तर गुन्हेगार पेडल. आमचा निकाल हाच लागला. ईसीयू निर्दोष सुटला.

दुरुस्ती

कनेक्टरला हिरवा गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सैल पिना घट्ट करा. कित्येकदा एवढ्यावर भागतं. पेडल गेलं असेल तर चावी बंद करून, बॅटरी निगेटिव्ह काढून, कनेक्टर आणि नट सोडवून पूर्ण असेंब्लीच बदलायची. पार्ट नंबर जुळलाच पाहिजे, दिसायला सारखं असून चालत नाही. नंतर कोड पुसा, परत लाइव्ह डेटा बघा, मगच रस्त्यावर. काही गाड्यांना नव्या पेडलची ओळख करून द्यावी लागते, ते मॅन्युअलमधे मिळेल.

आणि आता आपला आवडता विषय : जुगाड

एक आयडिया तुमच्याही डोक्यात आली असेल. दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा ना? मग दुसरा पॉट काढून टाका, दोन सारखे रेझिस्टर लावा आणि पहिल्यातूनच निम्मं व्होल्टेज बनवून ईसीयूला द्या. कोड जाईल, दिवा जाईल, खर्च जवळजवळ शून्य! चालेलही.

पण हे गणित करून बघा. पट्टी १००० ओहमची, पाय सोडलेला, वायपर ग्राउंडपासून १५० ओहमवर. ५ × १५० ÷ १००० = ०.७५ व्होल्ट. आता ग्राउंड पिनला गंज चढून २०० ओहम वाढले. ५ × ३५० ÷ १२०० = जवळजवळ १.४६ व्होल्ट. पेडलची रेंज ०.७५ ते ३.७५ धरली, तर ईसीयूला वाटेल की पेडल पाव दाबलंय. पाय तर जमिनीवर आहे! दुसरा खरा साक्षीदार असता तर तो ०.३७५ च सांगत राहिला असता, २:१ नातं मोडलं असतं आणि गाडी लिंप मोडमधे गेली असती. आपल्या जुगाडात दुसरा आकडाही आपोआप ०.७३ होतो. दोन्ही साक्षीदार एकच खोटं बोलतात आणि गाडी उभ्या माणसावर चालून जाऊ शकते.

२००९-१० मधे अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या. फ्लोअर मॅट आणि चिकटणारं पेडल यांमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्स नासाच्या इंजिनीअर्सनी तपासलं, अहवाल २०११ मधे आला. गाडी सुसाट सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण पोटेन्शिओमीटरवाल्या एका बिघडलेल्या पेडलमधे कथिलाचा केसाएवढा धागा वाढून दोन सिग्नल एकमेकांना जोडले गेले होते. म्हणजे निसर्गाने तोच शॉर्टकट मारला, जो आपण सोल्डरिंग गनने मारायला निघालो होतो.

म्हणून जुगाड जरूर करा, हॉस्टेलच्या कूलरचा करा, इस्त्रीचा करा (वॉर्डन सरांनी हे वाक्य वाचू नये). पण जी गोष्ट डिझायनरने मुद्दाम दोनदा दिली आहे, तिची एक करू नका. मल्टिमीटर लॅबमधे आहे, लॅब असिस्टंट काका मागितल्यावर देतात. एखाद्या रविवारी आपल्या घरची गाडी मोजून बघा. व्हायव्हात उपयोग होईलच, पण घरच्यांना घाटात जाताना जास्त होईल.