सायकलीमागचा गाडा

मुळशी तालुक्यात भात पिकते. परंतु ते शिवारातून घरी आणि घरून गिरणीपर्यंत नेण्याचा प्रश्न लहान शेतकऱ्यास दरवर्षी पडतोच. बैलजोडी सर्वांजवळ नसते आणि एका पोत्यासाठी टेम्पो सांगणे परवडत नाही. मग ते ओझे बहुधा घरातील स्त्रीच्या डोक्यावर जाते. सायकलीमागे जोडावयाचा दोन चाकी गाडा हा यावरील एक अल्पखर्ची उपाय असून तो गावातील वेल्डिंगच्या दुकानात तयार होऊ शकतो.

मुलांच्या मोडक्या सायकलींची २० इंची दोन चाके घ्यावीत. येथे एक चूक हमखास होते. सायकलीच्या चाकाचा आस दोन्ही टोकांना आधार मिळेल अशा बेताने केलेला असतो. एकाच बाजूने धरल्यास तो भाराखाली वाकतो. म्हणून प्रत्येक चाक चिमट्यासारख्या दुहेरी आधारातच बसवावे. चौकट लोखंडी अँगलची, चाकांमध्ये सुमारे ६५ सेंटीमीटर अंतर आणि तळ शक्य तितका खाली असावा. दांडा डाव्या बाजूने पुढे आणून सायकलीच्या मागील आसाजवळ जोडावा, कारण उजवीकडे साखळी असते. सांधा सर्व दिशांना वळणारा हवा. जाड रबरी नळीचा तुकडा बोल्टांनी आवळला तरी काम भागते. मात्र नळी तुटल्यास गाडा सुटू नये यासाठी शेजारून साखळी बांधलीच पाहिजे. ओझ्याचा थोडा अधिक भाग आसाच्या पुढे ठेवावा.

सपाट रस्त्यावर ४०-५० किलो ओझे फारसे जाणवत नाही. पण मुळशी सपाट नाही. स्वार, सायकल, गाडा व ओझे मिळून १३० किलो झाले, तर वीस फुटांत एक फूट अशा चढावर साडेसहा किलोची ओढ सतत मागे लागते. तेथे उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. खरा धोका उताराचा आहे. गाड्यास स्वतःचा ब्रेक नसल्याने तो सायकलीस पुढे रेटतो, आणि पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते. पिरंगुटच्या घाटासारख्या ठिकाणी भरलेला गाडा नेऊच नये. गावातील व शिवारातील वाटांपुरताच तो वापरावा.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात अशी हातची कामे शिक्षणाचाच भाग मानली गेली. मुळशीतील शिक्षकांनाही हा गाडा वर्गापुढे ठेवता येईल: एकच पोते आसाच्या पुढे व मागे सरकवून दाखविले, की गुरुत्वमध्याचा धडा फळ्यावर लिहावा लागत नाही. ग्रामपंचायतीने एखादा गाडा करवून घेतल्यास तो गरजेप्रमाणे घरोघर फिरू शकेल. मागील फळीवर तांबडा परावर्तक मात्र पहिल्याच दिवशी लावून घ्यावा.