पंखावरचे आवरण

खेळ सुरू होण्यापूर्वी हलगीवाला जाळाजवळ बसून हलगी शेकतो, हे नारायणगाव-घोडेगावकडच्या वाचकांना सांगायला नको. सादळलेले कातडे शेकल्यावर ताणते आणि मग हलगी कडाडते. मॉडेल विमानाच्या पंखावर उष्णतेने आकसणारी फिल्म चढवणे वरवर पाहता असेच आहे. कारण मात्र निराळे. कातडे ओलावा गेल्यामुळे ताणते. पॉलिएस्टरची फिल्म कारखान्यातच ताणून ठेवलेली असते. उष्णता मिळताच तिचे ओढलेले रेणू पूर्वस्थितीकडे परतू पाहतात.

पूर्वी बाल्सा लाकडाच्या सांगाड्यावर टिश्यू कागद चिकटवून त्यावर डोप नावाचा द्रव फाशीत. दमट हवेत डोप वाळताना पांढुरके पडते. आपल्याकडच्या आषाढात मग काय होईल ते दिसतेच आहे! फिल्मला सादळण्याची भीती नाही.

सांगाडा काचकागदाने घासून धूळ पुसावी. राहिलेला कण फिल्मखाली फोडासारखा उठून दिसतो. फिल्म चारी बाजूंनी दोन बोटे जास्त कापून तिच्या पाठीचा पापुद्रा सोलावा. खालची बाजू आधी मढवावी, म्हणजे वरच्या तुकड्याची कड तिच्यावर येऊन सांधा झाकतो. इस्त्री प्रथम मंद, साधारण १०० अंशांवर, कडा चिकटण्यापुरतीच. आधी मूळ आणि टोक, मग पुढची-मागची कड. मध्ये सुरकुत्या राहिल्या तर राहू द्याव्यात. दोन्ही बाजू चिकटल्यावरच उष्णता वाढवावी. किती, ते रोलवर छापलेले असते. थर्माकोलच्या पंखाला कमी तापमानाचीच फिल्म लागते, नाहीतर पंखच वितळतो.

खरी मेख यापुढे आहे. आकसणारी फिल्म नुसती ताणत नाही, हलका सांगाडा ओढते. माझ्या पहिल्या पंखाची खालची बाजू मी हौसेने आधीच पुरती ताणून टाकली. पंख किंचित पिळला. टेबलावर ते ध्यानातही आले नाही. हातातून सुटताच विमान डावीकडे गिरक्या घेत खाली आले आणि महिनाभराच्या कामाच्या काटक्या झाल्या.

म्हणून खाली-वर आलटून पालटून, थोडेथोडे तापवावे. झाल्यावर पंख मागच्या बाजूने डोळ्यांसमोर धरून पाहावा. पीळ दिसला तर उलट दिशेला पिळून धरावा, दोन्ही बाजूंनी पुन्हा ऊब द्यावी आणि पूर्ण थंड होईतो सोडू नये. टोकांशी मागची कड किंचित वर ठेवली तर वेग मंदावल्यावर विमान एकदम कलंडत नाही. मात्र दोन्ही टोकांना ती सारखीच वर हवी. दुसऱ्या माणसाने इस्त्री धरली तर हे काम सोपे जाते.